उन्हाचा फोन

बाजाराचा दिवस, चाकूर.
दस्तगीरमामा शाळेच्या गच्चीवर चढले.
हातात पत्र्याचा डबा,
डब्याच्या तोंडावर ताणलेला फुगा,
फुग्यावर नखाएवढी आरशाची काच.
"तार नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही!
आवाज जाणार उन्हावर बसून!"

"बरं झालं," मिरच्यावाली केराबाई म्हणाली,
"आपल्याकडं तेच तर लई पिकतंय."

मी पाण्याच्या टाकीवर.
छातीशी सौर पाटी, तिला जुन्या रेडिओचा भोंगा.
कवडसा आला थरथरत,
माझ्या गुंड्यांवरून सरकत
पाटीवर बसला,
आणि भोंगा खोकला!
"पोरा... ऐकू येऊलालंय का?"

खाली तराजूसुद्धा हलेना.

"आता ऐक, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे—"

तेवढ्यात ढग.
एवढासा, कापसाच्या बोंडाएवढा.
भोंगा मुका.

ज्या गावानं जन्मभर
ढगाला ये ये म्हटलं,
ते गाव रुमाल हलवत ओरडलं,
"अरे सरक! बाजूला हो!
मग ये, रात्री ये!"

ढग सरकला. कवडसा परतला.
"...तर हे असं आहे," मामा म्हणाले. "कळलं ना?"

मी जोरजोरात मान हलवली.

काय होतं ते,
अजून विचारलं नाही.