एक वळण वजा

पेस्कादेरोच्या पुलावर सकाळी सहालाच
कठडे तापायला लागलेले.
खाली चिकामोचा नदी, शेळ्या धुतलेल्या पाण्याच्या रंगाची.
चेनला दोन थेंब तेल सोडलं,
कॅरिअरवरचं पोतं पुन्हा आवळलं:
चार किलो भाजलेल्या मुंग्या,
मोठ्या बुडाच्या, खारट, कुरकुरीत.
वर अरातोकाला त्यांना गिऱ्हाईक आहे
आणि आज बसवाल्यांचा संप.

सायकल फिदेलिनोची, माझ्या भावाची.
सीट दोन बोटं खाली घेतली,
तरी तिला अजून त्याचीच सवय.
डावीकडे ओढते.

तो सांगायचा, वर बघू नकोस,
बघितलं की रस्ता लांबतो.
चाकापुढचं हातभर डांबर,
तेवढाच डोंगर.
मी हातभर डोंगर चढते.
मग आणखी हातभर.

तिसऱ्या वळणावर सेइबाची झाडं,
अंगावर पान नाही, पोटं सुटलेली,
उन्हात रिकामे रांजण मांडून ठेवावेत तशी.
सातव्यावर दोन्या एदुविहेस शेळ्यांमागून ओरडली,
"भाऊ कुठंय?"
"बुकारामांगात. गॅरेजात."
"आणि पाय?"
"आहे."

डोक्यावरून तारेवरची पाळणागाडी गेली,
आतून काचांना चिकटलेली नाकं.
त्यांना मी दिसले असेन
मुंग्या वाहणारी एक मुंगी.

बाराव्यानंतर मोजणं सुटलं असतं,
पण मोजण्याशिवाय होतंच काय हाताशी?
मांड्यांत गोळे, छातीचा भाता,
तोंडात तांब्याची चव.

आणि मागून ट्रक आला, पहिल्या गिअरमध्ये,
कांद्याने ठासून भरलेला, माणसाच्या चालीने.
मागे लोंबणारी साखळी.
फिदेलिनोच्या तळहातावर अशाच साखळीच्या
दोन कड्या अजून उमटलेल्या आहेत.
त्या दिवशी त्याने ती वेळेत सोडली नाही.
आईने माझ्याकडून शपथ घेतली होती,
देवळात, मेणबत्ती पेटवून.

मी धरली.

खांदा निखळतोय असं वाटलं, मग नाही वाटलं.
डोंगर माझ्याखालून आपोआप सरकायला लागला,
पायांना काम उरलं नाही,
आणि मी मान वर केली.

गुलाबी खडक, त्याखाली राखाडी,
त्याखाली एक पट्टा, ज्याच्या रंगाला
आमच्याकडे नाव नाही.
सगळं उघडं, खोल, शांत,
आणि तळाशी तो पूल,
माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
पस्तीस वर्षं या रस्त्याला राहतेय.

पंधराव्याच्या तोंडाशी साखळी सोडली.
सायकल डगमगली, डावीकडे ओढली, सावरली.

वर बेलिसारिओने मुंग्या तोलल्या,
काटा थोडा आपल्याकडे झुकवून, नेहमीसारखाच.
त्याच्याच फोनवरून भावाला फोन लावला.
"किती वेळ लागला?"
"दोन तास दहा मिनिटं. एक वळण वजा."

तो बराच वेळ गप्प.
मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं.
"कुठलं?"
"चौदावं."
"हं," तो म्हणाला. "तिथून पूल दिसतो."