घोळ

तीस वर्षं मी विजेची मीटरं वाचली.
मानकापूर, झिंगाबाई टाकळी, गोधनी रोड,
कोणत्या गेटाआड कोणतं कुत्रं, सगळं पाठ.
निवृत्त झालो तेव्हा कळलं,
त्याच गेटांच्या फटीत जे उगवतं
त्यातलं एक नाव मला येत नाही.

सुगरताबाई मडावी बुधवारच्या बाजारात
फूलकोबीवाल्यांपासून लांब, पोत्यावर बसायच्या.
तरोटा, कुंजरा, काटवल,
पळसाच्या पानात दोन मुठी वास्ते.
म्हटलं, मला शिकवता का?
"मंग माल कोन घेईन माया?" म्हणाल्या,
आणि शनिवारी सातला बोलावलं,
गोरेवाड्याच्या अलीकडे, न विकलेल्या लेआउटात,
जिथे प्लॉटचे दगड गवतात बुडालेत.

"पयले हात मांगं."
तासभर मी शाळेतल्या पोरासारखा, हात पाठीशी.
नाल्याकाठी सगळ्यात हिरवं होतं.
"तिथलं नाई. नाला जे पेते तेच ते खाते."
सोयाबीनच्या धुऱ्यावर नाकानंच सांगितलं,
काल फवारणी झालीये.
टेकोडे दिसले, पांढरे, टपोरे; मी वाकलो.
"ते मले बापानं दहा वर्सं दाखवले.
तुमाले मी नाई दाखवत."

मग तरोटा. पानांच्या तीन जोड्या,
टोकाशी रुंद, चुरगळलं की उग्र वास.
फूल यायच्या आधी, नुसता शेंडा,
तोही खुडायचा, उपटायचा नाही.

आणि घोळ: जमिनीला चिकटून पसरलेली,
तांबूस देठ, जाड, थंड पानं.
ही मात्र मला लगेच जमली.
प्लॉट नंबर सतराच्या दगडाशी ओंजळभर खुडली
आणि ऐटीत पुढे धरली.

बाईंनी एकेक देठ मोडला.
मोडला, पाणी.
मोडला, पाणी.
सातवा मोडला आणि नखावर
पांढरा थेंब उभा राहिला.
"हे दूध पाहा. ह्ये घोळ नोहे."
मग काय आहे?
"नाव मले नाई मालूम.
नाव नाई मालूम, तं तोंडात नाई."
आणि सगळी ओंजळ फेकली,
सहा बरोबर असलेल्या देठांसकट.

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू?
चुकीचं रीडिंग पुढच्या बिलात दुरुस्त व्हायचं,
मी साहेबांना तसंच सांगायचो.

पुढच्या शनिवारची घोळ त्यांनी पाहिली, दोनदा,
मग कुमुदिनीनं मुगाची डाळ घालून शिजवली.
मी एकच चमचा खाल्ला आणि थांबलो.
ती गॅसजवळ झाकण ठेवून,
मी पंख्याखाली, पोटाकडे बघत,
चकती फिरतेय का.
सकाळी काही नव्हतं. भूक होती.
उरलेली फ्रिजमधून काढून दोघांनी खाल्ली,
थोडी आंबट, थोडी बुळबुळीत,
कुमुदिनी म्हणाली, मीठ कमी पडलं.

वर्ष झालं. वहीत चार नावं आहेत,
पाचवं पेन्सिलीनं, पुढे प्रश्नचिन्ह.
काल गोधनी रोडला जुन्या गेटाशी
एक बाई ओळखून म्हणाल्या,
"साहेब, आता खाली बसून काय वाचता?"
मी मोडलेला देठ उजेडात धरला होता.
म्हटलं, थांबा जरा,
अजून काही आलं नाही.