काडी

साक्रीच्या अलीकडे, डोंगळ्यांच्या पांढऱ्या वावरात
माझ्या बारा पेट्या. सातवीत आवाज कमी.
झाकण उचललं तर वास आला
सरसाचा, नाहीतर भिजल्या चपलेचा.

पिल्लांच्या घरांवरचं मेण खचलेलं, मधोमध भोक.
आगपेटीतली एक काडी उलटी धरून
एका घरात बुडवली, हळूच ओढली.
अळीची तार झाली, कॉफीच्या रंगाची,
बोटभर लांब, तुटेचना.

बांधावरून सुपडूआप्पा: "खड्डा कसाले?"
मी कुदळ थांबवली नाही.
त्याच्या बियाण्याचं गणित या पेट्यांवर,
आणि तो परत विचारणार होता.

दिवस बुडेतो बसून राहिले.
सगळ्या घरी यायला हव्यात.
आल्या, पायांना पराग लावून,
आजारी घरात आणखी एक दिवसाची कमाई.
दार बुजवलं तरी एक बाहेरच राहिली,
माझ्या मनगटावर मिशा पुसत.

मग दुसरी काडी.
मेण लगेच धरतं. मध तडतडत राहतो.
राणीच्या पाठीवर संक्रांतीला
मीच हिरवा ठिपका लावला होता.

पहिली काडी अजून खिशात होती.
तीही टाकली. हातमोजे टाकले.
माती ओढली.

आठवीचं झाकण
उद्या.