आक्षेप

अकरा वर्षं मी तुझ्या गोळ्या मोजल्या, हेमलता.
संरक्षण लेखा कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस,
प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने तारीख,
महिनाअखेर रिकाम्या खळग्यांची बेरीज.
एकदाही फरक आला नाही.
तरी चूक तुझीच, असं धरून चाललो.

सकाळी एकशे ऐंशी, रात्री एकशे बहात्तर.
एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार.
मी लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली,
धायरीला मुंजीच्या पंगतीत
तुझ्या ताटातला पापड उचलला, सगळ्यांदेखत.
तू पाणी प्यायलीस.
रात्री तुझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे,
पलंगाच्या कडेला बसून अंगठा ओढत राहायचीस.
मी कूस बदलून म्हणायचो, वय झालं.

मग नव्या पेठेतली ती पोरसवदा डॉक्टर कोलते.
तिने मिठाचं विचारलंच नाही.
जुन्या रिपोर्टांवरून बोट फिरवत गेली :
पोटॅशियम दोन पूर्णांक नऊ. तीन. पुन्हा दोन पूर्णांक नऊ.
सहा वर्षांचे आकडे, माझ्याच फायलीत,
माझ्याच हाताने भोकं पाडून लावलेले.

महिनाभर काही गोळ्या बदलल्या,
त्या चाचणीत लुडबुड करतात म्हणून.
मग रक्त. मग स्कॅन.
मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी असते,
डावीकडच्या टोपीवर वाटाण्याएवढी गाठ.
साधीच आहे, कोलते म्हणाली, पण हट्टी.
शरीराला सांगत राहते : मीठ सोडू नकोस.

खाल्ल्या मिठाला इतकं जागतं का कुणी?
तुझ्या आत बसून ती कणन्‌कण राखत होती
आणि मी बरणीवर पाळत ठेवून.
गोळ्या बिचाऱ्या नळ रुंद करत होत्या,
टाकी भरतच होती.

परतताना दांडेकर पुलावर रिक्षा अडकली.
"मी सांगत होते ना," तू म्हणालीस.
एवढंच. तेही सिग्नलकडे बघत.
चौतीस वर्षं लोकांच्या वह्यांवर
लाल शाईने आक्षेप काढले मी.
माझ्यावरच्या आक्षेपाला उत्तर लिहायला
शब्द सापडेना.

नवी गोळी लागू पडलीय. ऑपरेशन दिवाळीनंतर.
आज एकशे छत्तीस.
वही उघडली, आकडा लिहिला नाही.
स्टुलावर चढलो, बरणी खाली काढली,
धूळ पुसून तुझ्यापुढे ठेवली.
तू झाकण फिरवलंस, आत डोकावलीस
आणि परत लावलंस.
"बुरशी आलीय," म्हणालीस.