कुठून सुरुवात करायची

एकवीस वर्षं रेषा ओढल्या
नारायण पेठेतल्या जिन्याखालच्या ऑफिसात.
भिंत म्हणजे दोन रेषा, दार म्हणजे पाव वर्तुळ,
आणि उजेड?
त्याला आमच्या नकाशात खूणच नव्हती.

मग साहेब म्हणाले, लोणकरबाई,
नकाशा कुणाला वाचता येत नाही.
आता फोटो लागतो,
जे घर अजून नाही त्याचा.

अप्पा बळवंतला गेले पुस्तक शोधायला.
दुकानदारानं दहावीची भूमिती पुढं सरकवली.
याच्या पुढचं?
याच्या पुढचं आपण ठेवत नाही.

जुन्या बाजारात रविवारी ग्राफिक कार्ड मिळालं,
पंख्याला एक पातं कमी.
चालतंय तोवर चालतंय, म्हणाला विकणारा,
आणि पैसे दोनदा मोजले.

नौशाद अत्तार, वय तेवीस, राहणार घोरपडी,
मला मॅडम म्हणतो आणि माझ्यावर ओरडतो.
त्यानं पेनड्राइव्ह दिला. एकशे बारा व्हिडिओ.
कुणी घोगऱ्या आवाजाचा गोरा
करड्या ठोकळ्याभोवती फिरतोय, फिरतोय.
अकरा पाहिले. बाराव्यात झोप लागली.

राहू द्या ते, नौशाद म्हणाला.
एक स्टीलचा पेला काढा, खिडकीत ठेवलेला.
बास. महिनाभर.

पहिला झाला प्लास्टिकचा.
दुसरा आरशाचा.
पाचवा इतका लख्ख
की त्यातून कधी कुणी पाणी प्यायलंच नसावं.
पोचा कुठाय, मॅडम? बोटं कुठायत?

घरचा पेला उचलून मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.
कडेला सासऱ्यांचं नाव, टिंबाटिंबांनी कोरलेलं,
आणि पोटात अख्खं स्वयंपाकघर, वाकलेलं,
ओट्यासकट, माझ्यासकट.

मग भिंती गोळा केल्या, फरश्या, गंज, पोपडे.
ढगाळ दिवशीच काढायचे फोटो,
नाहीतर एका घरातलं ऊन अडकून
दुसऱ्याच्या घरात भलतीकडून पडतं.
टिंबर मार्केटात सागाची फळी
इकडून तिकडून टिपत होते,
तर हमाल म्हणाला, ताई, लाकडाचं लगीन ठरलंय का?

सावली काळी नसते
हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
आमच्या गॅलरीतली निळसर,
वाळत घातलेल्या साडीखालची डाळिंबी.
इतकी वर्षं त्याच दोरीखालून वाकून जात होते.

रात्रभर रेंडर लावून ठेवलं एकदा,
सकाळी नऊला, चौऱ्याण्णव टक्क्यांवर, लाइट गेली.
गुरुवार होता.

आंबेगावच्या टॉवरचं काम आलं तेव्हा
बाल्कनीत माणूस हवा होता.
तयार मिळतात ती माणसं उंच, सोनेरी केसांची,
सगळ्यांच्या हातात कॉफी.
मी आमच्या वॉचमनची कौसाबाई घेतली, तिला विचारून,
चादर झटकताना.
नीट कापली, कठड्याशी उभी केली,
सावली दिली वेगळ्या लेअरवर.
दोन रात्री गेल्या त्या सावलीत.

बिल्डरनं मान तिरकी केली.
ही कोण?
कामवाली वाटते. काढा.

काढली. एक क्लिक.

कात्रज बायपासला आता चाळीस फुटी होर्डिंग आहे.
बाल्कनी मोकळी, कुंड्या, ताजं आकाश,
आणि फरशीवर दोन हात वर केलेली,
चादर झटकणारी सावली.
रोज हजारो गाड्या खालून जातात.

नौशादचा फोन आला, मॅडम, लेअर राहिला.

मी स्कूटर कडेला घेतली, हेल्मेट काढलं,
ट्रक जाऊ दिले.
कड मऊ आलीय. रंग निळसर.
जमलीय, मी म्हणाले.