बोर्ड नसलेली गाडी

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं
स्टँडवर गाड्या सोडल्या.
म्हणून डेलियांची नावंही तसलीच:
गारगोटी, राधानगरी, मलकापूर जलद,
आणि तो पिवळाधमक, ताटाएवढा,
सगळ्यांच्या मागून फुलणारा,
तो गगनबावडा मुक्कामी.

मार्चात झाडं पिवळी पडली की
कंद उकरून, सावलीत सुकवून,
मानेच्या जखमेला राख लावून
वाळूच्या पेटीत निजवायचे.
प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याची पट्टी,
तिच्यावर नातवाच्या स्केचपेननं नाव.
वाळू चाळायचं काम माझं.
नावं ठेवायचं काम ह्यांचं,
फुलांना काय आणि माणसांना काय.

त्या श्रावणात पंचगंगा
रमणमळ्यात आली आणि पाच दिवस राहिली.
आम्ही कळंब्यात पुतण्याकडं
टीव्हीवर आमचीच गल्ली बघत बसलो.
परतलो तर भिंतीवर छातीएवढी रेघ,
फ्रीज आडवा,
गाद्यांना नदीचा वास.
हे कशाला हात न लावता पेटीशी बसले.
एकेक कंद बोटानं दाबून बघायचे:
मऊ लागला तो गेला,
टणक तो राहिला.
बेचाळिसातले सतरा.
पट्ट्या होत्या. नावं धुऊन गेली होती.

"नावं कशाला लागत्यात?
मी त्वांड बघून ओळखतो की."

दसरा झाल्यावर लावले.
आधी काठी, मग कंद.
मागनं काठी रोवली
तर नेमकी पोटातनं जाते.
कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानं.
चार जोड्या पानं आल्यावर शेंडा खुडला,
जुन्या खाकी पँटच्या पट्ट्या फाडून
देठं सैलसर बांधली.
बाजूच्या कळ्या मीच खुडते,
ह्यांचा हात धजत नाही.
"थांब जरा, तीबी फुलंल," म्हणतात.
फुलंल, पण मग एकही मोठं होत नाही.
एवढं साधं गणित
नोकरीभर गर्दी बघितलेल्या माणसाला पटत नाही.

डिसेंबरात रंग उघडले.
गारगोटी म्हणून लावलेला जांभळा निघाला.
राधानगरीच्या वाफ्यात मलकापूर.
हे खुर्ची ओढून समोर बसले,
चष्मा पुसला,
म्हणाले, "मार्ग बदललाय."
पिवळा कुठंच नव्हता.

आणि नळाजवळ, जिथं आम्ही घरातला गाळ ओढून टाकला होता,
तिथं काठीवाचून, खतावाचून
एक वाकडं झाड.
पांढरं फूल, पाकळ्यांची टोकं तांबडी,
कुणी कुंकवाच्या बोटानं मोजल्यासारखी.
आमच्याकडं असलं कधीच नव्हतं.
"ही कुठली ओ?" मी विचारलं.
ह्यांना सांगता येईना.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी फूल कापून, पेपरात गुंडाळून
हे नदीच्या वरल्या अंगानं निघाले.
दारोदार. कडोलेकर, पोवार, शिकलगार,
कुणी चहा दिला, कुणी नुसतंच बघितलं.
दुपारी उन्हाचे परत आले
तेव्हा फूल कोमेजून मान टाकलेलं.

मिणचेकरीण बाई म्हणाल्या म्हणे,
"आमचा असंल, नसंलबी.
आमचंबी समदं वाहून गेलंय, काय वळखणार.
फुललाय तिथंच ऱ्हाऊ दे.
मार्चात एक डोळा तेवढा द्या."

मार्चात खणला. बटाट्याएवढे पाच कंद,
पण डोळे दोघांच्याच मानेवर.
बाकीचे नुसतेच गुबगुबीत.
उसाची कांडी बघावी तसं
उजेडाला फिरवून फिरवून बघितलं,
सुरी गॅसवर धरली,
एक त्यांचा, एक आमचा.

पट्ट्यांवर आता हे खिळ्यानं नावं कोरतात.
एका कोऱ्या पट्टीवर बराच वेळ वाकून
गगनबावडा कोरलं,
आणि रिकाम्या वाळूत उभी खोचली.
मी काही बोलले नाही.
मुक्कामी गाडी ती.
रात्री उशिराचीच तिची वेळ.