भिंग, एक्केचाळिसावं

दिवसा जमत नाही.
हिंगणा रस्त्यानं लोखंडाचे ट्रेलर जातात
आणि हवेच्या उशांवर ठेवलेलं टेबलसुद्धा
केसाच्या शंभराव्या भागाइतकं दचकतं.
तेवढं पुरतं. भिंग तिरपं येतं.

म्हणून रात्री दोनला,
बाहेरच्या भिंती मे महिना ओकत असताना,
पिवळ्या दिव्याच्या खोलीत मी
राळेचा एक थेंब काचपट्टीवर सोडते.

किरण दिसत नाही.
थेंबातून असा जातो की थेंब जणू नाहीच,
वाटेत कशालाही धक्का न लावता.
फक्त जिथं तो सगळा एका टोकाला येतो,
जिथं प्रकाशाचे दोन कण एकदमच दार ढकलतात,
तेवढीच राळ घट्ट होते.
एकट्याला ते दार उघडत नाही.

एकेक ठोका किती वेळाचा, मामांनी विचारलं होतं.
म्हटलं, शाळेत म्हणायचो ना,
अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य?
सेकंदाचे अंत्य तुकडे करा. त्यातले शंभर घ्या.
"अंत्य!" मामा म्हणाले, "तिथवर तं गुरुजीबी अडखळे."

गुणवंत बारापात्रे. तीन नल चौकाजवळ
साडेतीन हात रुंदीचं दुकान,
अडतीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या,
कुरुंदाची ओली पूड, फिरतं चाक, अंगठा.
आता रेशनच्या मशीनला त्यांचा अंगठा ओळखूच येत नाही.
दुकानदार दर महिन्याला सांगतो, पुन्हा दाबा, काका.
ते पुन्हा दाबतात.

त्यांना दाखवायचं होतं.
सातवं धुताना वाहून गेलं होतं.
एकोणिसाव्याच्या मधेच लाइन गेली.
तिसाव्याच्या पोटात बुडबुडा,
आणि पस्तिसावं चांगलं होतं, पण मला शिंक आली.
एक्केचाळिसावं उभं राहिलं.
न लिहिलेलं सगळं धुऊन गेल्यावर
पट्टीच्या मधोमध, एकटं.
खसखशीच्या दाण्यावर असे शंभर मावतील.
असंच एक पुढं धाग्याएवढ्या नळीच्या टोकाला बसेल,
नळी कुणाच्या तरी रक्तवाहिनीत शिरेल
आणि कडेकडेनं बघत जाईल.

शनिवारी संध्याकाळी मामा आले.
जाळीची टोपी, बुटांवर पिशव्या,
लग्नात चुकून दुसऱ्यांच्या पंगतीत बसल्यासारखा चेहरा.
"नंबर काय हाय याचा?"
अधिक दहा हजार.
ते इतके हसले की टोपी सरकली.
"त्या गिऱ्हाइकाले माह्या दुकानात आणू नको बाप्पा."
मग जरा थांबून,
"आन् घासतं कोण याले?"
कुणीच नाही, मामा. तिथं हात पोचत नाही.

यावर ते काही बोलले नाहीत.
मी दिव्याचं बटण शोधायला वळले, तेवढ्यात
त्यांनी पट्टी उचलली,
हाः करून वाफ सोडली
आणि अंगठ्यानं एकदाच, गोल, पुसली,
गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी पुसतात तशी.
"धूळ होती," म्हणाले.

मी पट्टी घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.
मामा वाकले. मोतीबिंदूचा कोणता डोळा मिटायचा
हे ठरायला थोडा वेळ गेला.
"हाय," ते म्हणाले. "गोल हाय. कोर साफ हाय."
मी हो म्हटलं.
त्यांना बसथांब्यापर्यंत सोडलं. वाटेत उसाचा रस घेतला,
पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

परत येऊन पाहिलं.
भिंग नव्हतं.
होता एक तेलकट गोल डाग.
त्यात एकही रेघ नाही, भोवरा नाही,
माणसाचा म्हणून ओळखावा असं काहीच नाही.
इतका सपाट पृष्ठभाग
मला अजून एकदाही जमलेला नाही.

नोंदवहीत लिहिलं:
एक्केचाळीस. तपासणारे, गु. बारापात्रे.
शेरा, कोर साफ.

ती पट्टी धुतली नाही. डबीत ठेवली.
दोन वाजले, शेवटचा ट्रेलर गेला,
टेबल निवलं.
थेंब.